न झिजणारं पातं

१

लोकांच्या खिशातले चाकू लवकर का मरतात ते मला विचारा. घडीच्या चाकूनं डबे उचकटतात, स्क्रू फिरवतात, ओला झालेला तसाच मिटून खिशात टाकतात, आणि बिजागरी जाम झाली की दुकानदाराच्या नावानं खडे फोडतात. पातं कापायला असतं. उचकटायला, खरवडायला दुसरी अवजारं आहेत. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि मी समजावून सांगायला गेलो की ताई म्हणते, "झालं याचं प्रवचन सुरू."

खुर्च्या आणि सोफे नव्यानं मढवून द्यायचं आमचं काम. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. जुनं कापड सोलून काढणं, पट्ट्या कापणं, फोम तासणं माझ्याकडे; मशीनवरची शिवण ताईकडे. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही, आणि त्यावर कुणी हळहळायला लागलं की ती मशीन जोरात चालवते. मला ती ठोंब्या म्हणते, अगदी गिऱ्हाइकासमोरसुद्धा.

रोज सकाळी चहा झाला की मी धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडतो आणि पातं एकेका बाजूनं घासतो. दगडावरचं पाणी काळपट होत जातं. ते काळं म्हणजे पात्याचंच लोखंड, म्हणून प्रत्येक चाकू वर्षागणिक अरुंद होतो, चघळलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा. धार बघायला लोक कागद कापून बघतात. आमच्याकडे ताई डोक्यातला एक केस उपटून देते. "घे, आणि बेतानं वापर, आता फार उरले नाहीत," हे ठरलेलं वाक्य. केस ताणून धरायचा आणि त्यावर पातं टेकवायचं. दोन तुकडे झाले की कामाला सुरुवात.

जुन्या चाकूचं पातं सुईसारखं झालं तेव्हा मी नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणला. काळी मूठ, साधं पातं, उघडलं की खट्ट आवाज करून घट्ट बसणारा खटका. गल्ल्याशेजारच्या ट्रेमधले बरेच उघडमीट करून मी हाच निवडला. पहिल्या दिवशी धार लावली, ताईनं केस दिला, मी पातं टेकवलं. केस कधी तुटला ते मला कळलंसुद्धा नाही.

ताई मात्र "आई गं" म्हणाली आणि डोक्याला हात लावला. केस तर तिनं केव्हाच उपटून माझ्या हातात दिलेला होता.

२

त्या गोष्टीचा मी काही विचार केला नाही. चाकू इतका छान होता की मी त्याच्या कौतुकातच होतो. रेक्झिन, जाड सुती पट्टा, फोम, सगळं लोण्यासारखं कापलं जायचं.

मग एका सकाळी पातं घासता घासता माझं लक्ष दगडावरच्या पाण्याकडे गेलं. पाणी स्वच्छ होतं. मी आणखी घासलं, मनगट दुखेपर्यंत घासलं. दगडावर नुसतं नितळ पाणी, पिता येईल असं.

मला वाटलं, दगड गुळगुळीत झाला असेल. घरातली कात्री त्यावर घासली. लगेच काळं पाणी आलं.

खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो तेव्हा ट्रेमधला कोरा चाकू उघडून माझ्या चाकूशेजारी धरला. दोन्ही पाती सारखीच रुंद. माझा चाकू कित्येक महिने रोज दगडावर घासला जात होता आणि त्यातला केसभरही कमी झाला नव्हता.

"पोलाद चांगलं आहे," दुकानदार म्हणाला. "टिकतंय तर टिकू द्या की. तक्रार कसली?"

आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे. तो चष्मेवाला माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "लोकांचे चाकू झिजतात म्हणून ते रडतात. तुझा झिजत नाही म्हणून तू रड."

मीही हसलो. पण मला अवजारं कळतात. धार लागते म्हणजे काहीतरी घासून जातं. घासलं जातच नसेल तर धार लागायला नको. आणि धार रोज लागत होती, मग रोज घासून जात होतं ते काय? दिवसभर हा प्रश्न मला छळत राहिला.

३

ताईच्या बोटातली शिवणीची पितळी टोपी पडायला लागली. सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी तिच्या बोटात इतकी घट्ट बसायची की काढायला साबण लागायचा. आता ती टणकन फरशीवर पडून खुर्च्यांखाली घरंगळायची. ताई वैतागून म्हणायची, "शोध रे ठोंब्या, तुझे डोळे तरी कामाला येऊ देत."

"बारीक झालीयेस तू," मी म्हणालो.

"बरं झालं. फुकटात झाले."

पण तिच्याकडे समोरून बघितलं तर ती होती तशीच होती. तोच रुंद चेहरा, तेच खांदे. म्हणून मला आधी कळलं नाही. कमी झालं होतं ते दुसऱ्या बाजूनं. ती मशीनवर बसली की मला बाजूनं दिसते, आणि बाजूनं बघताना मला दर वेळी वाटायचं की भिंत थोडी जास्त दिसते आहे.

डॉक्टरांकडे नेलं. ती जायला तयार नव्हती, मी चाकू बाकावर उघडाच टाकून भांडून नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्त पाठवलं, फोटो काढले. सगळं उत्तम. "तुमच्या वयाच्या मानानं ठणठणीत आहात," ते तिला म्हणाले. परत येताना ताईनं रस्ताभर माझी चेष्टा केली. मला स्वतःचंच डोकं तपासून घ्यायला सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मापाची टेप घेऊन उशीची मापं काढायचं निमित्त केलं आणि गंमत म्हणून तिच्या दंडाभोवती गुंडाळली. टेप एकावर एक किती फिरली ते मी कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, "काय, नवीन कव्हर घालतोस की काय मला?"

४

भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. दाराला बिजागरी असते म्हणून दार कुरकुरतं, असं माझं डोकं. म्हणून पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते.

दुपारची वेळ. चष्मेवाला गप्पा मारायला येऊन बसला होता. ताई मागच्या खोलीत चहा टाकत होती. चष्मेवाल्यानं बाकावरचा उघडा चाकू उचलला आणि हातातली वस्तू माणूस उगाच चाळवतो तसा उघडमीट करायला लागला. घडीचा चाकू हातात आला की सगळेच असं करतात. खट्ट, बंद. खट्ट, उघड.

"ठोंब्या, चहात साख..." ताईचा आवाज आतून आला आणि मध्येच थांबला.

चष्मेवाला त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. खट्ट.

"...र घालू का रे?"

खट्ट. आतून काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. कापडाचा गठ्ठा पडावा तसा, मऊ. खट्ट. पावलांचा आवाज. खट्ट. पुन्हा तोच मऊ आवाज. खट्ट. भांडं उचललं गेलं. चष्मेवाला बोलतच होता. त्याच्या बोटांचं त्याला भान नव्हतं. मी दाराकडे बघत राहिलो. पडदा हलत नव्हता. आतलं उठणं आणि बसणं, उठणं आणि बसणं, त्याच्या अंगठ्याबरोबर चाललं होतं.

मी त्याच्या हातातून चाकू हिसकावून घेतला. तो उघडा होता की मिटलेला हे न बघताच घेतला, म्हणून बोट कापलं.

"अरे, काय झालं काय तुला?" चष्मेवाला उठूनच उभा राहिला.

ताई चहाचे कप घेऊन बाहेर आली. चेहरा हसरा. कपात अर्धाच चहा होता, बाकी बशीत सांडला होता. "आज माझं डोकं ठिकाणावर नाही," ती म्हणाली. "आत काय करायला गेले तेच विसरत होते सारखी." मग माझं रक्त बघून ओरडली आणि पट्टी आणायला धावली. धावताना पडद्याला तिचा धक्का लागायला हवा होता. दार अरुंद आहे, सगळ्यांचाच लागतो. पडदा जागचा हलला नाही.

५

मग एकेक आठवायला लागलं. काम करताना मी चाकू मिटून खिशात टाकला की ताईचं मशीन थांबायचं. मी म्हणायचो, ताई दोरा भरत असेल. संध्याकाळी दुकान आवरून चाकू मिटून फळीवर ठेवला की ती जांभई द्यायची आणि बसल्या जागी पेंगायची. मी म्हणायचो, दमली. माणूस स्वतःची समजूत घालण्यात किती पटाईत असतो!

मी एकदाच जाणूनबुजून बघितलं. ती मशीनवर होती, गुणगुणत होती. मी पाठमोरा राहून खटका दाबला आणि पातं मिटलं. मग वळलो. ताईनं गुडघे पोटाशी घेतले होते, मान छातीवर टेकली होती, हात गुडघ्यांभोवती. स्टुलावर एवढीशी झाली होती. श्वास चालू होता. हाक मारली, हलवलं, गालावर पाणी लावलं. काही नाही. चाकू उघडताना माझा अंगठा दोनदा घसरला. खट्ट झालं आणि ताईनं मान वर करून गाणं जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे उचललं.

म्हणून मी ठरवलं की चाकू मिटायचाच नाही. उघडा ठेवून वरच्या फळीवर, कुणाचा हात पोचणार नाही असा ठेवला आणि एका गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेलो. तिथून मागे राहिलेलं कापड आणायला आणखी लांब जावं लागलं. परत आलो तेव्हा ताई खिडकीशी उभी होती. मी गेलो तेव्हाही तिथंच उभी होती. हातातलं फडकंसुद्धा तेच.

पुढचे काही दिवस ती झोपलीच नाही. काम करायची, बोलायची, पण डोळे लाल झाले होते आणि पापण्या पडत नव्हत्या. "डोळे मिटतच नाहीत रे," एकदा ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. ताईला मी आयुष्यात कधी भ्यालेलं बघितलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिचं अंथरूण घालतो, तिला पडायला सांगतो, पांघरूण देतो आणि मगच खटका दाबतो. मिटताना पातं माझ्याच अंगावर मिटल्यासारखं होतं. ताई म्हणते, "म्हातारपणी फार मायाळू झालास."

६

धार लावणं थांबवून पाहिलं. पातं बोथट झालं, कापडाला फरफटवायला लागलं. मी एक जाड पट्टा कापायला घेतला, तो तुटेना, मी जोर लावला. मशीनवर ताई कळवळली आणि बरगडी धरून वाकली. "आतून कुणीतरी ओढतंय," ती म्हणाली. मी हात थांबवला तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला. चाकूनं काही कापलंच नाही तर? तेही केलं. दुसरा चाकू वापरला आणि हा उघडा, रिकामा ठेवला. ताई हातावर हात ठेवून बसली. मशीनसमोरच बसली, कापड समोर होतं, पण हात उचलेना. दुपारपर्यंत तिनं एक शब्द उच्चारला नाही.

म्हणजे चाकू चालला तर ती चालते. चालायचा तर धार लागते. आणि धार लावली की जे दगडावर जातं ते पात्याचं नसतं.

मी चाकू घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. दुकानदारानं तो हातात घेतला, उलटसुलट केला. "हा तर नवाच आहे. नको असेल तर बदलून घ्या," तो म्हणाला आणि त्यानं तो मिटून ट्रेमध्ये टाकला.

ट्रेमध्ये तसेच काळ्या मुठीचे चाकू होते. सगळे कोरे. माझाही कोराच. मी ओरडलो. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी ट्रेवर दोन्ही हात पालथे घालून उभा राहिलो. माझी नजर एका चाकूवर होती, पण दुकानदारानं घाबरून ट्रे ओढला आणि सगळे सरकले.

तिथंच बसून मी एकेक चाकू उघडत गेलो आणि प्रत्येक वेळी घरी फोन लावला. घंटा वाजत राहायची. दुकानदार समजुतीनं बोलत होता, पाणी देत होता. कितीतरी चाकूंनंतर फोन उचलला गेला आणि ताई म्हणाली, "मेल्या, किती वाजवतोस! मी काय घरात झोपलेय का?"

मी रडलो. दुकानदारासमोर, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरासारखा रडलो. त्या दिवसानंतर मी चाकू कुणाच्या हातात दिला नाही. फेकून देणं, मोडून टाकणं, गाडून टाकणं या सगळ्यांचा विचार करून झाला. प्रत्येक विचाराच्या शेवटी स्टुलावरची ती एवढीशी ताई दिसते.

७

आज सकाळी मी दूध घेऊन आलो तर दुकानासमोर ट्रक उभा. माणसं खुर्च्या उतरवत होती. सभागृहाच्या खुर्च्या, एकात एक अडकवलेल्या, फाटक्या. दुकानात मावेनात म्हणून फुटपाथवर लावल्या होत्या. ताई मध्ये उभी राहून माणसांवर हुकूम सोडत होती. काल संध्याकाळी तिला निजवून चाकू मिटला होता. सकाळी उठल्याबरोबर उघडून, ती हलती राहावी म्हणून एक पट्टी कापून, बाकावर ठेवून मी दूध आणायला गेलो होतो.

"अख्ख्या सभागृहाचं काम," ताई म्हणाली. "तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. हल्ली तू सगळ्याला नाही म्हणतोस." तिचा चेहरा उजळला होता. "असं काम आयुष्यात एकदाच येतं, ठोंब्या. नंतर खुशाल बसून खाऊ."

मी खुर्च्यांकडे बघितलं. प्रत्येक खुर्चीचं कापड सोलायचं, पट्ट्या कापायच्या, फोम तासायचा. रोज धार लावावी लागणार होती, आणि दिवसातून एकदा पुरणार नव्हती.

"परत पाठव," मी म्हणालो. "ताई, पाया पडतो तुझ्या. परत पाठव."

"वेड लागलंय का?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. टेप, मशीन, अंथरूण, ट्रे. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. ताईनं ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. हाताचा स्पर्श कागदासारखा होता.

"दमलायस तू," ती म्हणाली. "बस जरा. सुरुवात मी करते."

तिनं बाकावरचा चाकू उचलला. मी पुढे झालो आणि थांबलो. झटापटीत तो मिटला असता तर? तिनं दगड पुढे ओढला आणि पातं त्यावर टेकवलं. तिला माझ्यासारखं जमत नाही, ती जोरात दाबते. मी "हळू" म्हणालो. ती म्हणाली, "तू शिकव आता मला." आणि घासत राहिली. एक बाजू, मग दुसरी. बोलत राहिली. कापड कुठल्या रंगाचं घ्यायचं, मागे टाके दुहेरी घालायचे का, चष्मेवाल्याला मदतीला बोलवायचं का.

"पाणी घाल," ती म्हणाली.

मी पाणी घातलं. कोरडा दगड तिला जास्त लागला असता.

घासून झालं. तिनं पातं पुसून चाकू उघडाच माझ्या हातात दिला. समोरून बघताना ती माझी ताई होती, हसरी, रुंद चेहऱ्याची, घाम पुसणारी. मग ती रस्त्याकडे वळली. दारातून ऊन येत होतं. ती अर्धी वळली आणि तिथं फक्त ऊन होतं. पलीकडच्या खुर्च्या दिसत होत्या, त्यांच्या फाटक्या शिवणीसुद्धा दिसत होत्या.

मी ती पुढे वळायची, समोर यायची वाट बघत राहिलो. ट्रक सुरू होऊन निघून गेला.

"ऐकतोयस ना?" ताईचा आवाज आला, अगदी जवळून. "मी म्हटलं, पहिली खुर्ची घे. आणि तो चाकू मिटू नकोस, आता कामच आहे."

"हो ताई," मी म्हणालो. आणि पहिली खुर्ची ओढून कापायला लागलो.